राक्षसाचा अर्धा जबडा

कोरियातल्या ग्योंगजूत, जुन्या राजांच्या या गावात, घर बांधायला काढलं की माणूस आधी हात जोडतो, की बाबा रे, खाली काही सापडू देऊ नकोस. चार खापरं निघाली तरी सरकारी माणसं येऊन दोऱ्या बांधतात आणि काम बसतं लटकून. मालसुनच्या न्हाणीघराचा पाया खणताना राक्षसाच्या तोंडाचं जुनं कौल निघालं, तेव्हा सगळी आळी हळहळली. पुढं वर्षभर ती बाई खांद्यावर टॉवेल टाकून शेजारच्या ओकबुनकडे अंघोळीला यायची. ओकबुननं तिला गरम पाणी दिलं, साबण दिला. तेवढं एकच वर्ष काय ते तिला मालसुनचा हेवा वाटला नाही.

एरवी हेवा पाचवीला पुजलेला. मालसुनचा नवरा दारूला शिवत नाही, मुलगा उल्सानहून दर रविवारी फोन करतो, बाईचे गुडघे सत्तरीतही कुरकुरत नाहीत. आणि आता तिचं कौल म्युझियममध्ये लागलं. तेवढ्यासाठी आळीतल्या म्हाताऱ्यांची गावातल्या गावात सहल निघाली.

राजांच्या थडग्यांच्या ज्या टेकड्यांवरून लहानपणी घसरगुंड्या केल्या, त्याच आता टोप्या घालून रांगेनं बघायच्या! मग तारे बघायचा दगडी बुरूज, मग राजवाड्याचं तळं. माहिती सांगणारी पोरगी दर ठिकाणी मालसुनलाच विचारायची, "आजी, दमलात का?" ओकबुनचा गुडघा ठणकत होता, पण तिला कोण विचारतो.

म्युझियममध्ये काचेमागं ते कौल होतं. एक शिंग, एक वटारलेला डोळा, अर्धा जबडा. खाली मालसुनचं नाव, आणि उरलेला अर्धा भाग सापडलेला नाही, असं लिहिलेलं. सगळ्या वाकून बघत होत्या. ओकबुनही वाकली, आणि तो डोळा तिला ओळखीचा निघाला.

उरलेला अर्धा तिच्या परसात होता. सासूला तो दोन घरांमधल्या कुंपणापाशी मुळे लावताना सापडला होता, आणि तेव्हापासून पानं खारवायच्या रांजणात वजनाचा दगड म्हणून पालथा बसला होता. दरवर्षी ओकबुन तो डोळा, ते सुळे काथ्यानं घासून काढायची.

"ताई, दुसरा अर्धा मिळाला ना," मालसुन तिचा हात धरून म्हणाली, "की माझा राक्षस पुरा होईल बघ."

माझा! ओकबुननं हात सोडवून घेतला.

घरी आल्यावर तिनं आधी म्युझियमला फोन लावला. समजा कुणाकडे उरलेला तुकडा असला, तर कुणाचं नाव वर लागेल? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की ज्यांनी आधी दिलं त्यांचं वर, नंतरच्यांचं खाली. ओकबुननं फोन ठेवला. मालसुनच्या खाली! आणि लोक म्हणणार काय, तर मालसुनचा राक्षस शेवटी पुरा झाला. तिनं दगड उचलला, धुतला, त्याच्या डोळ्यात डोळा घालून घटकाभर बघितलं आणि होता तसा पालथा घातला. पण आपल्याकडे आहे हे कुणालाच सांगता येणार नाही, या विचारानं तिला जेवण गेलं नाही.

सकाळी मालसुन वाडगा घेऊन हजर. कालच्या खानावळीतली पानं म्हणे अगदीच पांचट होती, ताईची आणलीच पाहिजेत. ओकबुननं दगड बाजूला सारून पानं काढली. मालसुननं तिथंच एक तोंडात टाकलं आणि तिचा चेहरा पडला.

"इतकी वर्षं करतेय मी," ती म्हणाली, "मीठ तेच, पानं तीच. माझी मेली दर वेळी बुळबुळीत होतात. खरं सांगू ताई, जळते मी तुझ्यावर. तू घालतेस तरी काय यात?"

ओकबुननं वाडगा काठोकाठ भरून दिला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिचा गुडघा दुखत नव्हता.

"काही नाही गं," ती म्हणाली. "वर दगड तेवढा चांगला लागतो."