मी सांगितलेला पत्ता

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. रहस्यकादंबऱ्या लिहितो, म्हणजे भुतं मीच तयार करतो... टेबलाशी बसून, चहा पीत. नांदेडात राहतो. बायको उदगीरची, लिंगायत घरातली. सकाळी तिची लिंगपूजा आणि माझं लिखाण शेजारशेजारच्या खोल्यांत चालतं, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही.

गेल्या वर्षी देगलूरहून एका बाईचे फोन सुरू झाले. रोज दहाला, नेमकं लिखाण रंगात आलं की! तिचा थोरला भाऊ सहा वर्षांपासून बेपत्ता.

"सर, तुमच्या पुस्तकात हरवलेली माणसं सापडतेत की. माझ्या भावाचं बी सांगा."

"अहो ताई, ते मी मनानं लिहितो!"

"मग हे बी मनानंच सांगा. माय अजून त्याचं ताट वाढून राहिली."

नऊ दिवस हेच. दहाव्या दिवशी डोकं फिरलं. लिहिताना अडलो की पहिली सुचेल ती जागा ठोकून द्यायची, ही माझी जुनी खोड. तसंच ओरडलो, "इस्लापूरला आहे! धबधब्याच्या रस्त्यावर, हॉटेलात भजी तळतोय. जा!"

चौथ्या दिवशी बाई दारात हजर... भावाला घेऊन.

मी त्यालाच फैलावर घेतलं. "कधीपासून होता तिथं?"

"तुमी हिला सांगितलं ना, त्याच दिवशी लागलो कामाला."

"आणि त्याआधी?"

त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. "ध्यानात येत न्हाई, सर."

मी म्हणालो, योगायोग. बायको म्हणाली, "आता तरी जीभ सांभाळा."

पण गावात बातमी फुटली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. लोक फोटो घेऊन येतात, मी हाकलतो. परवा एक रिटायर गुरुजी आले. मोबाईलमध्ये मुलीचा फोटो, दोन वर्षांपूर्वी घरातून गेलेली. फोटो पाहिला आणि न मागता एक जागा सुचली — विहीर.

मी तोंड घट्ट मिटलं.

"काहीतरी बोला साहेब, तुमच्या पाया पडतो..."

त्यांचा रागच आला मला. माझाही आला. मग आयुष्यात पहिल्यांदा मी जागा विचार करून सांगितली, "लातूरला आहे. पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. बरी आहे."

गुरुजी त्याच पावली लातूरच्या बसला गेले. अजून फोन नाही. हे सगळं काय आहे, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, जाणून घ्यायचंही नाही. फक्त ती पोरगी लातुरात असू दे.