लूमला बांधलेले दोन बोर्ड

कामतघरला आमच्या शेजारी राहणारे लूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे काका कलिंगडापासून रिमोटपर्यंत प्रत्येक वस्तू आधी कानाशी धरून हलवतात. टाकी भरली की वाजणारा भोंगा बनवायला मी दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे तळहातावर मावणारे छोटे संगणकच, आणले होते. दिसायला जुळे भाऊ. कुठला वापरावा, हे महिनाभर मोबाइलवर वाचत होतो.

"मास्तर, वाचून काय व्हतंय? शिफ्टला लावा," म्हणत काकांनी मला कारखान्यात नेलं आणि दोन्ही बोर्ड बॅटरीसकट चालत्या लूमला सुताने बांधले. संध्याकाळी एकाचा दिवा निवांत लुकलुकत होता. दुसऱ्याचा दर धक्क्याला विझत होता.

काकांनी पहिला सरळ खिशात घातला, दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"अहो, चांगला तर तो आहे!"

"म्हनून तर लूमला ठेवतो. तुमची टाकी काय नाचते काय?"

घरी जाऊन मी टाकीला हात लावून पाहिला. नाचत नव्हती.