सासऱ्यांचा कान

मी जिवंत आहे, हे पाचोडला गेलो की मला दरवेळी पटवून द्यावं लागतं. पाचोड ही माझी सासरवाडी. दोष तिथल्या माणसांचा नाही, एका इवल्याशा पटाशीचा आहे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. मी औरंगाबादला कचेरीत कारकून होतो आणि हौस म्हणून लाकडावर वेली कोरायचो. (बायको त्यांना गांडुळं म्हणायची.) तेवढ्यात सासरे वारले. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी त्यांची पक्की समजूत असल्यामुळे घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. वर्षश्राद्ध जवळ आलं तशा सासूबाई माझ्या बायकोला, कुसुमला म्हणाल्या, "मला त्यांचं तोंड आठवंना झालंय गं." कुसुमला जेवण जाईना. मला ते बघवेना, म्हणून मी बोलून गेलो, "त्यात काय, मी कोरतो!"

शेजारी युसुफचाचा दरवाज्यांवर नक्षी करायचे. त्यांनी सागाची एक फळी आणि गोल धारेच्या बारीक पटाश्या दिल्या. सगळ्यात धाकटीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं होतं. "आँखां आखिर में करो मियाँ," ते म्हणाले, "नैं तो तुमकूच देखते बैठतीं." मी हसलो आणि डोळेच आधी केले.

मग सुरकुत्या अडल्या. त्या कुठून कुठं जातात ते आठवेना. मी दाढीचा आरसा समोर घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि बघून बघून कोरू लागलो. केसासारखी सालपटं निघत होती आणि लाकडातला माणूस जास्त जास्त ओळखीचा वाटत होता. सासरेच उतरतायत, म्हणून मी खूश! कान तेवढा आरशात नीट दिसेना. तो कुसुमनं सांगितला तसा केला: लांब पाळी, वरची कड बैलाच्या शिंगानं फाटलेली.

कुसुम दिवेलागणीनंतर फळी ठेवलेल्या खोलीत जाईना. "कुठंबी उभी राहिले तरी बघायलेतच," म्हणायची. एका संध्याकाळी मी घरात शिरलो, तर ती कोपऱ्यातल्या फळीला विचारत होती, "आज लवकर आलात?" मग तिनं मला दारात पाहिलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला. अंधारामुळे असं होतं, असं आम्ही ठरवून टाकलं.

श्राद्धाला फळी पाचोडच्या घरी पाटावर ठेवली, वर उपरणं. मेहुणा दिगंबरनं उपरणं काढलं, मान खाली घालून हार घातला, उदबत्ती लावली, डोकं टेकलं. मग वर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. परत फळीकडं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "तुमाला बरं हाय ना?"

धूर फळीवरच्या नाकासमोर होता आणि शिंक मला येत होती. फोटोनं आयुष्य घटतं, ही सासऱ्यांची समजूत नेमकी तेव्हा आठवली. मी खरोखर घाबरलो. "काढ रे तो हार," कुसुम रडवेली होऊन म्हणाली.

"राहू दे." सासूबाई पुढं सरकल्या. चेहऱ्याकडं न बघता त्यांनी कानाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. "कान त्यांचाच हाय. ह्याच कानात समदं सांगायची मी." वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई मग पोटभर रडली. हार काढा म्हणायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून फळी तिथंच भिंतीवर आहे. आता थकलेल्या सासूबाई रोज फुलं वाहतात, कानात काहीबाही सांगतात. आणि मी वर्षागणिक त्या सुरकुत्यांना गाठत चाललोय.

गेल्या दिवाळीत दिगंबरची नवी सून मला ओसरीवर बघून आल्यापावली आत सासूकडं पळाली. "आत्याबाई, भिंतीवरचे आजोबा बाहेर बसलेत. चहा मागायलेत."

चहा आला. तिनं तो फळीखाली ठेवला, हात जोडले आणि निघून गेली. कोणी नाहीसं पाहून मी तो उचलून प्यालो. रिकामी कपबशी न्यायला मात्र ती काही आली नाही.