होळीतून काढलेल्या बल्ल्या

नाही व सायली, ते "आदरणीय" खोड. तिले कोणी आदरणीय म्हटलं तं थे मागं वळून पाह्यते, दुसरं कोणी आलं का म्हणून. साधं लिही. तुह्या सरनं गावातल्या एका माणसाबद्दल लिहून आणाले सांगतलं ना? मंग लिही, पांढुर्ण्यात अर्चना म्हणून एक बाई हाय. घराचे नकाशे काढते. अन् तिच्यापायी तुही आजी या होळीले भेवानं मरता मरता वाचली. हासू नको, लिही.

अर्चना मूळची सौसरची, मास्तरची पोरगी. नागपुरात शिकली, तिथंच मोठ्या हापिसात होती. इथं जिल्हा झाला, घरावर घरं उठून राहिले, म्हणून थे इकडं आली. बियाण्याच्या दुकानावरची खोली घेतली अन् पाटी लावली. पहिल्या साली लोक जिना चढून येये अन् इचारे, "आर्किटेक्ट साहेब कुठी गेले?" हे म्हणे, "बसा, साहेब पाणी आणून राहिले." अन् स्वतःच गिलास घेऊन येये. मंग लोकाचे तोंड पाहाचे!

यंदा शाळेनं अकरावीचे काही पोरं पेपर झाल्यावर महिनाभर तिच्याकडं शिकाले पाठवले. इंटर्नशिप म्हणते त्याले. त्याच्यात तुही बहीण तृप्ती बी होती. मले वाटलं, टेबलावर बसतीन, रेघोट्या मारतीन. पण पहिल्याच दिवशी हे पोट्टी टेप घेऊन माह्या सैपाकखोलीत.

"आजी, तू चुलीपासून माठाकडं दिवसभर किती चकरा मारतं?"

"मी का मोजत बसते व? सरक, भाकर जळते."

"मॅडमनं सांगतलं, घरात जो सगळ्यात जास्त राबते त्याले इचारा घर कसं पाह्यजे."

बाप्पा! मी इतकी म्हातारी झाली, मले कोणी हे इचारलं नव्हतं. मी म्हटलं, माठ खिडकीखाली पाह्यजे अन् ओटा थोडा ठेंगणा. तिनं कागदावर काढून दाखवलं. मले त्यातलं काही समजलं नाही, पण माठ ओळखू आला.

मंग साइट सुरू झाली, म्हणजे जिथं घर बांधून राहिले तिथंच जाऊन शिकाचं. अन् तिथूनच माह्यं भेव सुरू झालं. तुले माहीत नाही, माह्यं माहेर तिगावचं. मी लहान होती तवा झडीच्या पाण्यात मातीची भिंत बसली अन् तिच्याखाली माही काकू गेली. आवाज मोठा नव्हता व. कोणी पोतं खाली टाकलं, बस तेवढाच. तवापासून मी कोणाच्या वास्तूले गेली तरी दारापाशीच पंगतीत बसते. तृप्ती सकाळी बूट घालून निघे, अन् मी देवापाशी बसून राहे तिचा आवाज येईपर्यंत.

मागच्या गल्लीत मोरेश्वरचं घर चालू होतं. होळीच्या हप्त्याआंधी समोरच्या दिवाणखान्यावर अन् मागच्या खोलीवर स्लॅब टाकला. आता स्लॅब म्हणजे कसं, वरून गोटा दिसते पण आतून कच्चाच असते. म्हणून त्याच्याखाली लाकडाच्या बल्ल्या उभ्या ठेवते, थे पुरा पक्का होईपर्यंत. हे मले तवा नव्हतं माहीत. मोहल्ल्यातल्या पोट्ट्यायले बी नव्हतं.

अन् आपल्याकडं होळीले लाकडं चोरतेच ना. कोणाचं फाटक, कोणाची मोडकी खाट. ज्याचं गेलं त्यानं बोंबलायचं अन् हासायचं, वापस मांगायचं नाही. या वर्षी पोट्टे मोरेश्वरच्या घरात घुसले. मिस्तरी लोक सणाले गावाले गेलते. पोट्टे म्हणे, "स्लॅब तं दगड झाला, आता बल्ल्या कायले?" अन् दिवाणखान्यातल्या बल्ल्या ओढून चौकात होळीवर रचल्या.

होळीच्या दिवशी दुपारी पुरण झालं, म्हणून मी तृप्तीले बलवाले गेली. मॅडमनं तिले अन् संगच्या अमितले तिथला जिना मोजाले सांगतलं होतं, पण "मी आल्याशिवाय आत जाऊ नका" असं बी बजावलं होतं. हे दोघं गेलेच. बाहेर ऊन होतं म्हणे. मी दाराशी गेली, पाय उचलला, तं आतून तृप्ती वरडली,

"आजी, थांब! आत येऊ नको!"

वरतं पाह्यलं. दिवाणखान्यात एक बल्ली नाही. स्लॅबखालच्या लोखंडाच्या पाट्या अर्ध्या लटकून राहिल्या अन् स्लॅबले आडवी तडक गेलेली. पोरं मागच्या खोलीत. तिथल्या बल्ल्या जागेवर होत्या, पण मागं शेजाऱ्याची भिंत, दार नाही की खिडकी नाही. बाहेर याचं तं त्या तडकीखालूनच.

"आम्हाले आत आल्यावर दिसलं, आजी," अमित म्हणे. "मॅडमले फोन लावला. हालू नका म्हणाल्या."

मले काही दिसे ना. तिगावची भिंत दिसे. अर्चना स्कूटीवर आली, हेल्मेट बी नाही काढलं.

"तृप्ती, तिथल्या बल्ल्यांना हात लावला का?"

"नाही मॅडम."

"शाबास. खाली बसा दोघं. भिंतीला टेकू नका."

मी म्हटलं, "मी जाते आत, हात धरून आणते पोरीले. मी म्हातारी, माह्यावर पडलं तं पडलं."

तिनं माह्या दंडाले धरलं. इतकं गच्च की वळ उठला. "आजी, तुम्ही आत पाय टाकला तर ती तुमच्याकडे धावत येईल. तिला धावायला लावू नका."

मी तिथंच खाली बसली. वरून शिमिटाची खपली पडली, टप्पकन.

बल्ल्या भाड्यानं देणारा गुणवंता मोहगावले गेलता, गोदामाले कुलूप. फोनवर म्हणे, निघालोच. पण मोहगाव का इथं हाय? अर्चनानं इचारलं, "इथल्या बल्ल्या गेल्या कुठं?" तोवर मोहल्ला गोळा झालता. एक पोट्टा रडतच म्हणे, "चौकात."

चौकात होळी रचून झालती. बायांनी सूत गुंडाळलं, हळद-कुंकू वाह्यलं, निवद दाखवला. पेटवाचीच बाकी. अन् भगवंतराव आडवे उभे. मोहल्ल्यातले वडीलधारे, वाईट माणूस नाही, पण ताठ.

"वहिनी, होळीले वाह्यलेलं लाकूड वापस नेत नाही. साऱ्या मोहल्ल्यावर येते थे."

"भाऊजी, माही पोरगी त्या स्लॅबखाली हाय."

"मले का समजत नाही? पण हात कोण लावन?"

कोणीच पुढं होये ना. अन् खरं सांगू का सायली, भगवंतराव बोलले थे मी बी मानते. जन्मभर मानलं. होळीची राख मी तुमच्या कपाळाले लावली. एकीकडं स्लॅबचं भेव, दुसरीकडं होळीचं. मी हात जोडले, म्हटलं, "होळी माय, कोपाचं तं माह्या एकटीवर कोप." अन् बल्ली धरून ओढली. सूत तटकन तुटलं. मागून कोणी बाई म्हणे, "बुडी येडी झाली." बल्ली माह्यानं निघे ना, कुंकू लागून हात लालभडक झाला. मंग प्रेमलता आली, शेजारची. तिनं दुसरं टोक धरलं. मंग ज्याहीनं चोरल्या होत्या थेच पोट्टे तुटून पडले.

मोहल्ल्यातलेच पुंडलिकराव मिस्तरी पुरणपोळीवरून उठून उष्ट्या हातानं धावत आले. अर्चना म्हणे, "दारापासून लावत आत जाऊ. एक उभी राहिली की तिच्या आडोशानं पुढची." बाकी साऱ्यायले तिनं रस्त्यावर हाकललं. बल्ली उभी करे, खाली फळी ठेवे, पाचर ठोके, वर पाहे, थांबे. मंग दुसरी. पुंडलिकराव म्हणे, "ताई, तुम्ही बाहेर व्हा, मी पाह्यतो." थे म्हणे, "पाचर द्या."

शेवटी तिनं आवाज देल्ला, "तृप्ती, अमित, एकामागं एक. भिंतीच्या कडेनं. पळायचं नाही."

तृप्ती बाहेर आली. मी आंधी तिले एक थापड मारली, मंग पोटाशी धरलं. तिच्या गालावर माह्या हाताचं कुंकू उमटलं.

होळी पेटली, लहानशीच. मी गेली नाही, दार लावून बसली. मोरेश्वरच्या दिवाणखान्याचा स्लॅब पुढं पुरा फोडून नवा टाका लागला. लय कुरकुरला थो. अन् मी घरात सांगून टाकलं, पोरगी आता तिकडं जाणार नाही. तृप्ती त्या रात्री जेवली नाही.

दोन-तीन दिवसांनी अर्चना घरी आली. केसात अजून रंग होता. सैपाकखोलीतच बसली, पाटावर.

मी म्हटलं, "तुले भेव नाही लागत का व?"

"लागतं ना आजी. स्लॅब टाकतो त्या दिवशी मला घास गिळवत नाही." मंग खाली पाहून म्हणे, "आणि चूक माझी आहे. सणाच्या दिवसात साइट उघडी ठेवली. मी इथलीच, मला होळी माहीत नव्हती का? मुलांना पाठवा म्हणायला आले नाही. तुम्ही ठरवा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सौसरवरून तिची माय. अर्चना म्हणे, "नाही आई, साइटवर नाही. कुठंच चढले नाही. हो, जेवले." फोन ठेवला अन् मले म्हणे, "रोज हेच विचारते. इतकी वर्षं झाली."

म्या तृप्तीकडं पाह्यलं. थे दारात उभी, बूट हातात. मी म्हटलं, "जाय. पण मॅडमच्या आंधी आत पाय टाकला तं टांगडी तोडीन." थे गेली. मले आता भेव लागत नाही असं लिहू नको, खोटं होईन. आता बी थे साइटवरच हाय, अन् मी बोलून राहिली थे तेवढ्यासाठीच, घर चूप राहिलं की मले थो पोतं पडल्याचा आवाज आल्यासारखा वाटते.

अन् खाली हे बी लिही सायली. हे वाचणारं कोणी सौसरले जात असन, तं मास्तरच्या घरी जाऊन अर्चनाच्या मायले माहा निरोप देजा. म्हणा, पांढुर्ण्यात एक बुडी हाय, तिची बी पोरगी तुह्या पोरीमागं फिरते. बस धरून ये एखाद्या दिवशी. संग बसून भेऊ.