शेप्याची सावली

आंब्याच्या रोपांच्या दोन कुंड्या सांभाळत अमरावतीहून निघालो. मंगरूळपीरला बस बदलली, तर तिथला कंडक्टर म्हणाला, "काका, लेकराईले खिडकीपाशी घ्या, उलट्या करतीन." सगळी बस हसली. मीही हसलो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि मी एक झाड वाचवायला निघालो होतो.

त्या झाडाची हकीकत भीमरावांनी सांगितलेली. ते माझ्या कचेरीतले सोबती. आसेगावजवळच्या त्यांच्या गावी जुनी आमराई होती, तिच्यात दगडी धर्मशाळा आणि बारव (पायऱ्यांची विहीर). पहिलं फळ चाखल्याखेरीज तिथे आंब्याला नाव देत नाहीत. नावाची झाडं दुष्काळात वाळून गेली, एक शेप्या तेवढा उरला. त्याच्या आंब्याला बडीशेपेचा वास. त्याचीही एकच फांदी हिरवी होती. कलमं बांधायचा मला जुना नाद. त्या फांदीला माझी रोपं कुंडीसकट बांधली की शेप्याचा वंश टिकणार होता.

हे सारं भीमरावांच्या आईसाठी, सखराबाईंसाठी. पूर्वी त्यांच्या लोकांना बारवेवर आणि धर्मशाळेत मज्जाव होता. शेप्या मात्र कुंपणभिंतीबाहेर. त्याची सावली आणि पडलेले आंबे त्यांचे. आता गावाने ती आमराई पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं होतं, आणि तीही सगळ्यांसाठी.

भीमराव आसेगावच्या फाट्यावर उभेच होते. रस्त्याकडेचा पळस पेटला होता. घरी सखराबाईंनी आधी रोपांना पाणी घातलं, मग मला तांब्या दिला. ज्वारीची भाकर आणि झुणका खाऊन आम्ही तिघं आमराईकडे निघालो. म्हातारी आमच्यापुढे चालत होती.

बारव उपसून लख्ख केली होती. धर्मशाळेच्या भिंतींना नवा चुना लागला होता. चुन्याची भट्टी अजून कोमट होती. भिंतीबाहेर मात्र ताजा तोडलेला बुंधा.

काम पाहणारे विठ्ठलराव, गावातले शेतकरी, खाली बघत म्हणाले, "राईचं लाकूड राईबाहेर न्यायाची रीत नाही. भट्टीले जळतन पाह्यजे होतं, म्हनून हे वाळलेलं तोडलं."

"एक डांग हिरवी होती," भीमराव म्हणाले.

"मले नाही दिसली, भीमराव. मी भिंतीच्या आतून पाह्यलं अन् मजुराईले तोडाले सांगतलं. तुमच्या अंगाले आमी कधी गेलोच नाही."

हिरवी फांदी त्याच अंगाला होती. मला संताप आला, पण तो काढायचा कोणावर? माणूस तर समोर रडवेला होऊन उभा होता.

"माय, आत सावलीत बसा," विठ्ठलराव म्हणाले.

सखराबाईंनी धर्मशाळा निरखून पाहिली. "चांगली केली," म्हणाल्या. मग बुंध्याशी येऊन भर उन्हात बसल्या. "मी इथंच बसतो."

सोबत आणलेल्या कुंड्यांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "भाऊ, या रोपाईचं नाव काय?"

"अजून काही नाही."

"मंग लावा इथंच."

आम्ही रोपं लावली. विठ्ठलरावांनी बारवेतून स्वतः पाणी आणलं. "याईचं नाव तुमीच ठेवजा," ते म्हणाले.

"जो खाईन तो ठेवीन," सखराबाई म्हणाल्या. "मी कुठी राह्यतो तोवर?"

निघताना वळून पाहिलं. रोपांवर सावली पडावी म्हणून त्या उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये रिकाम्या कुंड्या मांडीवर होत्या. धर्मशाळा उभी राहिली, बारवेला पाणी आलं, सगळ्यांना वाट मोकळी झाली. हे चांगलंच झालं, असं मी मनाला पुन्हापुन्हा बजावत होतो. पण शेप्याची चव आता त्या म्हातारीसारख्या थोड्या माणसांच्या जिभेवर तेवढी उरली होती, आणि त्यांच्याबरोबर ती जाणार होती.

कंडक्टर सकाळचाच निघाला. "काका, लेकरं कुठी सोडले?"

"आजीपाशी," मी म्हणालो.