जानरावाने साफ केलेली कड

कारंज्यात फोटो स्टुडिओवाल्या जानरावाच्या हाताखालून गेल्याशिवाय पोरीचा फोटो स्थळाकडे जात नसे. देवीचे व्रण, जन्माचा सावळा रंग, निगेटिव्हवर त्याची पेन्सिल फिरली की सगळं माफ. त्याच्याकडून गोरे होऊन जाणारे लोक त्याच्या माठातलं पाणी मात्र पीत नसत.

१९७८च्या उन्हाळ्यात धनजच्या रामरावांचा जगदेव रजेवर आला. तो गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत होता. तिथे सूर्यासारखी ऊर्जा काढण्यासाठी अतितप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर कोंडून ठेवत. त्याच्या कडेला सतत खळबळ चाले आणि उष्णता तिथूनच निसटे. ती कड वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या तीन निगेटिव्ह जगदेवने काउंटरवर ठेवल्या.

"उद्या छापून द्या, जानराव. परदेशी मासिकात जानार हायेत. खाली तुमचं नाव टाकतो."

वीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं उजळूनही जानरावाचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. दुपारभर तो भिंगाला डोळा लावून बसला.

"हे काय, जळकी भाकर?" त्याच्या बायकोने, ललिताबाईने विचारलं.

"कडेनं फाटली बिचारी."

मग त्याने नेहमीप्रमाणे इलाज केला. बाहेर उडालेले ठिपके ब्लेडने खरवडले, खाचा पेन्सिलीने भरल्या. पहिल्या निगेटिव्हची कड ताटासारखी गोल झाली. तेवढी एक त्याने छापली.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पाहून जगदेव ओरडलाच. "हे काय करून ठेवलं? ते फाटकी कडच तं दाखवाची होती!"

"तुमच्या बहिनीचे व्रन काढाले तुमीच सांगतलं होतं, भाऊ. याचे ठेवाचे, हे मले कोन सांगन?"

खरवडलेलं परत येणार नव्हतं. जगदेव तो फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याचा आवाज उतरला.

"आमच्या सायबानं वर कळवलं हाये, नव्या चुंबकानं कड शांत झाली म्हून."

"झाली का?"

"कायची! बाकीच्या दोन बी अशाच करून द्या ना."

जानराव म्हणाला, "पोरीचे व्रन पुसले तं नवरा लगनाच्या दिवशी पाह्यते अन् गप बसते. तुमची आग बसन का गप?"

"नाव पाह्यजे का नाही तुमाले?"

जानरावाने फोटो त्याच्या हातून घेतला, पालथा केला, मागचा स्टुडिओचा शिक्का काळ्या शाईने पुरता गिरवून टाकला आणि दोन न छापलेल्या निगेटिव्हसकट तो परत दिला.