पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

महाडात तीस वर्षं बातम्या लिहिल्या. त्यातली एक धड आठवत असेल तर शपथ! शेवंतामावशीच्या खानावळीतले किस्से मात्र साचतच गेले. रस्ता रुंद करायचा म्हणून खानावळ पाडली. रस्ता अजून अर्धाच आहे!

मावशी डोंगरातल्या कुडपण गावची. चुलीपाशी गंगादीदी, नेपाळची. चार वर्षांच्या लेकीला, बिनिताला, आजीकडे ठेवून इकडे आलेली. मराठी शिकली मावशीकडून, म्हणजे थेट कुडपणची! "भात हाय, भाकरी नाय," असं ठणकावून सांगायची.

*

खानावळीतलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. दीदीनं ते नेपाळच्या वेळेवर लावलेलं. त्यात एक वाजला की चटणीच्या बरणीला मोबाइल टेकवून लेकीला व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न ठरलेला, "खाना खायौ?" म्हणजे, जेवलीस का?

त्या घड्याळापायी आम्ही पत्रकार एका पुढाऱ्याच्या पत्रकार परिषदेला पंधरा मिनिटं आधी पोचलो. साहेब उगवले दोन तासांनी. 'साहेबांचं घड्याळ कोणत्या देशाचं?' असं मी लिहिलं. संपादकांनी कापलं!

*

बिनिता फोनमधून आमची ताटं तपासायची. "अंकल, करेला छोड़ दिया!" तालुक्यातले अधिकारी मला वचकून असायचे. मी त्या चिमुरडीला घाबरून कारलं संपवायचो.

*

पुरात सावित्री नदीचं पाणी खानावळीत शिरलं, तेव्हा दीदी आधी घड्याळ घेऊन माळ्यावर चढली.

मावशी खालून ओरडली, "अगो, तांदूळ ने वर! घड्याळ काय शिजवणार हायस?"

*

एकदा एक साहेब जेवता जेवता गुरगुरले, "ही बाहेरची बाई कोण? हिचे कागद बघितलेत?"

मी बाह्या सरसावून उठलो. तोवर मावशीनं त्यांच्या ताटातली भाकरी उचललीसुद्धा. "ही पण बाहेरच्या बाईनंच थापलेली हाय, साहेब. तुम्हाला चालायची नाय!"

मला भांडायला काही उरलंच नाही.

*

दहावी झाली आणि बिनिता फोन उचलेना. "तू आई नाहीस, नुसता फोन आहेस," एवढं बोलून तिनं तोंड फिरवलेलं. दीदीच्या भाकऱ्या करपू लागल्या. पंधरा दिवसांनी एकदाचा फोन लागला, तर तो मावशीनंच हिसकावला.

"रागवायचं तर हितं ये, गो! आईच्या तोंडावर रागव!"

पोरगी खरंच आली, मामाबरोबर. दोन दिवस कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून राहिली. आईशी एक शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी घड्याळात एक वाजला. दीदीनं पदराला हात पुसले, बरणीला मोबाइल टेकवला आणि सवयीनं कॉल लावला. रिंग कोपऱ्यात वाजली! आम्ही सगळे खाली माना घालून कारलं चिवडत बसलो.

बिनितानं स्क्रीनकडे बघितलं. मग तिनं उचलला.

"आमा," पोरगी म्हणाली, "खाना खायौ?"

दीदी बरणीकडेच बघत होती.

"नाय गो. अजून नाय."